मी खोडलेल्या तीन ओळी

काका आमच्या ऑफिसात आले तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते आणि मी सव्वीसची. त्यांनी लिहिलेलं तपासून ते बरोबर की चूक हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. हे उलटं आहे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत हैदराबादेत पुष्कळ काही उलटं झालं होतं आणि लोक मुकाट्यानं त्याची सवय करून घेत होते.

ऑफिस काचीगुड्याला होतं, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकलींच्या एका दुकानाच्या माडीवर. तीन खोल्या, नऊ माणसं. मालक अमेरिकेत दहा वर्षं काढून परत आलेले. तिकडची एक कंपनी एक कार्ड बनवायची. ते संगणकाच्या आत बसवलं की त्या एका संगणकाला आठ-दहा टर्मिनल, म्हणजे वेगवेगळ्या टेबलांवरचे पडदे आणि कीबोर्ड, जोडता यायची. बँकांच्या शाखांमध्ये, गोदामांमध्ये असली कार्डं जायची. त्या कार्डाचा ड्रायव्हर लिहायचं आणि सांभाळायचं काम आमच्याकडे होतं.

"डायव्हर म्हणजे गाडी चालवणारा का गं?" आईनं विचारलं होतं.

मी तिला सांगितलं, संगणकाला कार्डाची भाषा येत नाही आणि कार्डाला संगणकाची येत नाही. मध्ये बोलणारा एक प्रोग्रॅम लागतो, तो ड्रायव्हर.

"हौ, म्हणजे तुझ्या आजोबांसारखं," आई म्हणाली. आजोबा निजामाच्या अदालतीत उर्दूचा मराठीत तर्जुमा करायचे. बरकतपुऱ्यातलं आमचं घर त्यांनीच घेतलेलं. त्यानंतर मला आईला माझं काम पुन्हा कधी समजवावं लागलं नाही.

ड्रायव्हर एकदा लिहिला की संपत नाही. त्यात सारख्या दुरुस्त्या होतात. अशा प्रत्येक दुरुस्तीला आम्ही पॅच म्हणायचो. पॅच म्हणजे एक यादी असते. जी ओळ काढायची तिच्यापुढे वजा, जी घालायची तिच्यापुढे अधिक. कुणी पॅच केला की तो ठिपक्यांच्या प्रिंटरवर, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापून माझ्या टेबलावर यायचा. मी लाल पेननं वाचायची. माझी सही झाल्याशिवाय तो अमेरिकेला जायचा नाही. मला चूक पटकन दिसायची. त्याचा मला अभिमान होता, आणि तो मी फारसा लपवतही नव्हते.

काका त्याआधी एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सव्वीस वर्षं होते. बाहेरचा माल यायला लागला, त्यांचा विभाग बंद झाला, आणि त्यांना स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करायला सांगितलं. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते हसून म्हणायचे. हार्डवेअर त्यांना पाठ होतं. कार्ड हातात धरून, नुसतं उजेडात तिरकं करून, सोल्डरिंगचा कुठला टाका कच्चा आहे ते सांगायचे. प्रोग्रॅम लिहायला मात्र ते पन्नाशीत शिकले होते. आबिड्सच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, आपल्या मुलीच्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून. मालकांनी त्यांना घेतलं ते त्यांच्या हातांसाठी. पण नऊ माणसांच्या ऑफिसात नुसते हात कुणाला परवडत नव्हते. तेव्हा पॅचही लिहावे लागायचे.

त्यांना सगळेच काका म्हणायचे. तेलुगू मुलंही. त्यातल्या काहींना तर कित्येक महिने ते त्यांचं नावच वाटत होतं.

त्यांचा पहिला पॅच मी लाल करून टाकला. चाळीसेक ओळींचा असेल. मी दोन्ही समासांत लिहिलं, मागच्या बाजूला लिहिलं. हे कशाला? मेमरी परत कुठे केली? हे नाव काहीच सांगत नाही. काका तो कागद घेऊन गेले आणि तासाभरानं परत आले.

"बेटा, चुकलो कुठं ते कळलं. कशामुळं चुकलो ते नाही कळलं. बसू का जरा?"

मला लाज वाटली. मी खुर्ची सरकवली. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आमची शिकवणी सुरू झाली. ते डबा उघडायचे, मी कागद उघडायची. त्यांच्याकडे ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी ठरलेली. मी शिकवताना त्यांना घाई करायची, ते मला जेवताना घाई करू द्यायचे नाहीत.

बाकीच्यांच्या चुका मी तोंडी सांगायची. खुर्ची वळवून, "अरे, इथं लॉक सोडायचं राहिलंय," एवढंच. पोरं जागच्या जागी दुरुस्त करायची आणि कागद कचऱ्यात जायचा. काकांचं तसं नव्हतं.

"बोललेलं मी विसरतो," ते म्हणाले. "तू लिहून देत जा. लहानसहान असलं तरी लिही. मोकळ्या जागा चुकल्या तरी लिही. मला सगळं पाहिजे."

म्हणून मी लिहीत गेले. त्यांच्या कागदावर जितके शेरे जास्त, तितकी मी त्यांच्यासाठी जास्त मेहनत घेतली असं मला वाटायचं. त्यांनाही तसंच वाटत असावं. दोन वर्षांत ते खरंच चांगलं लिहायला लागले. सावकाश लिहायचे, पण त्यांचं लिहिलेलं मोडायचं नाही.

मग आमच्याकडे मॅनेजर आले. पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. माझं मराठी ऐकून त्यांना गंमत वाटायची. "तुम्ही लोक 'हौ' किती छान म्हणता हो," असं एकदा म्हणाले होते. त्या काळात गुणवत्तेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय परदेशी कंपन्या काम देत नव्हत्या, आणि ते मिळवायला मॅनेजरना आणलं होतं. प्रमाणपत्रासाठी प्रत्येक गोष्टीची नोंद लागायची. त्यांनी एक नोंदवही सुरू केली. पॅच कुणाचा, तपासला कुणी, लेखी शेरे किती. माझ्या कागदांवरून एक मुलगी त्या नोंदी करायची. मी ती वही कधी उघडून पाहिली नाही. मला तो सगळा कागदी खेळ वाटायचा.

त्याच सुमारास काकांनी एक छोटा पॅच आणला. बाकी सगळा ठीक होता, पण त्यात तीन ओळी जास्तीच्या होत्या. ड्रायव्हर सुरू होताना कार्डाला रीसेट करतो, म्हणजे झोपवून पुन्हा उठवतो, आणि लगेच विचारतो, तयार आहेस का? काकांनी त्या दोन्हींच्या मध्ये थोडं थांबायची सोय केली होती.

त्या ओळी मी खोडल्या. लिहिलं: माहितीपत्रकात नाही. अनावश्यक.

काका आले. "बेटा, हे राहू दे. कार्ड तापलं की त्याला उठायला वेळ लागतो. मी बघितलंय."

"कुठं बघितलंय? कंपनीच्या कागदात तर लगेच तयार होतं असं लिहिलंय."

"हात लावून बघितलंय. दुपारी खिडकीच्या बाजूच्या मशीनमध्ये."

"काका, ड्रायव्हर थांबला की अख्खं मशीन थांबतं. उगाच कसं थांबवायचं? हात लावून बघितलं, हे कारण मला लिहिता येत नाही."

त्यांनी कागद उचलला. "हौ, ते पण आहे," म्हणाले आणि हसले. संध्याकाळी त्यांनी त्या तीन ओळी काढून पॅच परत दिला. मी सही केली. त्या बोलण्यात माझं चुकलं असं मी आजही पूर्ण म्हणत नाही. कारण नसताना थांबू नये, हा नियम खरा आहे. पण त्यांनी कारण दिलं होतं. मी उठून त्या खिडकीच्या मशीनपर्यंत गेले असते तर दहा पावलं होती. मी गेले नाही.

पुढल्या वर्षी अमेरिकेतली कामं एकाएकी आटली. आमच्या ऑफिसात नऊची सात माणसं करायची ठरली. एक मुलगा आपणहून बंगलोरला गेला. राहिलं एक नाव.

मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर एक तक्ता होता. उभ्या रेघेवर पॅच लिहिणाऱ्यांची नावं, आडव्या रेघेवर लेखी शेऱ्यांचे आकडे. बाकीच्यांच्या पट्ट्या बोटभर. काकांची पट्टी कागदाच्या टोकाला जाऊन टेकलेली.

"हे आकडे तुमच्याच कागदांवरून काढलेत," ते म्हणाले. "बरोबर आहेत ना?"

"आकडे बरोबर आहेत," मी म्हटलं. "पण..."

तेवढ्यात फोन वाजला. अमेरिकेचा होता. त्यांनी हातानं मला थांबायची खूण केली, मग बोलणं लांबलं तशी जायची खूण केली. मी बाहेर आले.

त्या 'पण'च्या पुढं काय सांगायचं ते सगळं मला माहीत होतं. बाकीच्यांना मी तोंडी सांगते. काकांनी मागितलं म्हणून लिहून देते. गेल्या वर्षभरात त्यांच्या एकाही पॅचनं काही बिघडलेलं नाही. दोन मिनिटांचं बोलणं होतं. त्या दिवशी मॅनेजरांचं दार दोनदा उघडं दिसलं. दुसऱ्या दिवशीही दिसलं. पण माझं लग्न ठरलेलं होतं, होणाऱ्या नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती, आणि काका नाहीत तर मग कोण, हा प्रश्न मला पडला होता. त्या तक्त्यात तपासणारीची, म्हणजे माझी, पट्टीच नव्हती. ते कुणाच्या लक्षात येऊ नये असं मला वाटत होतं. हे मी स्वतःशीसुद्धा बऱ्याच वर्षांनी कबूल केलं.

आठवड्याच्या शेवटी काका गेले. टेबलाचा खण रिकामा केला, सगळ्यांशी हात मिळवला. माझ्यापाशी आले तेव्हा मी पडद्याकडे बघत होते.

"येतो बेटा," ते म्हणाले. "पुष्कळ शिकवलंस."

मी उभी राहिले. ते जिना उतरून गेले.

दीड वर्षानं, उन्हाळ्यात, तक्रारी यायला लागल्या. कार्डं त्या वर्षी पहिल्यांदाच इकडच्या बँकांत बसली होती; फोन यायचे ते विदर्भातल्या, आंध्रातल्या शाखांमधून. दुपारी वीज जाऊन आली की संगणक सुरू होतो, पण कार्ड सापडत नाही. कार्ड बदलून दिलं तरी तेच. सकाळी मात्र सगळं नीट. आम्ही आठ दिवस ड्रायव्हर उलटापालटा करून पाहिला. नवव्या दिवशी मी जेवायला म्हणून उठले आणि खिडकीच्या मशीनजवळून जाताना थांबले. त्याचं झाकण काढलेलं होतं. मी कार्डावर हात ठेवला. चटका बसला. तसाच हात ठेवून मी दुसऱ्या हातानं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. कार्ड सापडलं नाही.

जुन्या पॅचांची खोकी माळ्यावर होती. प्रमाणपत्रासाठी काही टाकायचं नाही, असा नियम होता. तो कागद सापडायला मला तास लागला. माझ्या लाल अक्षरातलं 'अनावश्यक' जरासुद्धा फिकं झालेलं नव्हतं.

मी तो कागद घेऊन मॅनेजरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. तीन ओळींचं सांगितलं, आणि दीड वर्षापूर्वीच्या त्या 'पण'च्या पुढचंही सांगितलं. ते ऐकत होते. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

"मी ऐकलं असतं हो," ते म्हणाले. "खरंच ऐकलं असतं."

मला वाटतं, ते खरं बोलत होते. ते ऐकून घेणं मला फार जड गेलं.

त्या तीन ओळी मी होत्या तशा घातल्या. वर टीप लिहिली, कार्ड तापलेलं असताना उठायला वेळ घेतं, आणि शोधणारा म्हणून काकांचं नाव लिहिलं. मॅनेजरनी हरकत घेतली नाही. उलट म्हणाले, "त्यांना विचारा, परत येतील का. मी मालकांशी बोलतो."

काका आबिड्समध्ये, मोठ्या पोस्टाच्या मागच्या गल्लीत स्टॅबिलायझर आणि टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात बसतात, असं कळलं. मी दुपारी गेले. दुकानदारानं आत हाक मारली, "उस्ताद, तुमको मिलने कू एक मॅडम आए."

काका बाहेर आले. केस अगदी पांढरे झाले होते. हातात सोल्डरिंगची कांडी तशीच होती. मला बघून त्यांनी ती खाली ठेवली आणि स्टूल पुसून दिलं. चहा सांगितला. लग्न झालं का, सासरी कोण कोण आहे, हे सगळं विचारलं. मग मी बोलायला सुरुवात केली. तक्रारी, उन्हाळा, चटका, तीन ओळी. त्यांचं नाव लिहिल्याचंही सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल.

 रस्त्यावर एक रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, तिकडे ते बघत राहिले.

"मला माहीत होतं गं," अखेर ते म्हणाले. "पण तू खोडलंस तेव्हा वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. सव्वीस वर्षं हाताला जे कळत होतं, त्याच्यावर मी विश्वास ठेवायचा सोडला तुमच्याकडं. इथं येऊन पुन्हा शिकावं लागलं."

"काका, परत याल का? मॅनेजर स्वतः म्हणालेत."

"नक्को." हे त्यांनी लगेच म्हटलं. मग जरा थांबून, "जाताना मला त्यांनी तो तक्ता दाखवला होता. मी म्हटलं, बरोबरच असणार. पोरगी खोटं लिहिणार नाही."

तेव्हा मी त्यांना उरलेलंही सांगितलं. शेऱ्यांचं कारण मला माहीत होतं, सांगायला दोन दिवस होते, आणि मी सांगितलं नाही. मी रडत होते. गिऱ्हाईक येऊन उभं होतं, दुकानदार दुसरीकडे बघत होता. मला वाटत होतं, आता ते म्हणतील, जाऊ दे बेटा. ते नेहमी तसं म्हणायचे. प्रिंटर अडकला तरी, डबा सांडला तरी.

ते तसं म्हणाले नाहीत. चहाचा ग्लास त्यांनी माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला.

"लिहून दे म्हणून मीच म्हटलं होतं," ते म्हणाले. ते स्वतःशीच बोलत होते की मला सांगत होते, कळलं नाही. मग उठले. "मला काम आहे आत. तू जा आता. ऊन फार आहे, रिक्षानं जा."

त्यानंतर मी दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. आत गेले नाही. पुढं मला मुलगा झाला, ऑफिस काचीगुड्याहून शहराबाहेरच्या काचेच्या इमारतीत गेलं. ते कार्ड बनायचं बंद झालं. ड्रायव्हर कुणाच्या उपयोगाचा राहिला नाही, तेव्हा त्या तीन ओळी आणि त्यांच्यावरचं नावही कुठल्या तरी जुन्या टेपवर गेलं. कामावर मी अजूनही पॅच तपासते. आता ते कागदावर येत नाहीत. एखाद्या मुलानं विचित्र काहीतरी लिहिलेलं दिसलं की मी आधी उठून त्याच्यापाशी जाते आणि, तू काय बघितलंस, असं विचारते. पोरांना वाटतं, बाईंना चालायची हौस आहे.

काका गेल्याचं मला चौदाव्या दिवशी कळलं, आमच्याकडे काम केलेल्या एका तेलुगू मुलाकडून. मी त्यांच्या घरी गेले. स्टेशनामागच्या एका गल्लीत, आमच्या जुन्या ऑफिसपासून पाच मिनिटांवर. इतकी वर्षं एकत्र काम करून मी त्या घरी कधीच गेले नव्हते. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. मी कोण ते सांगितलं. त्या ऑफिसात होते, काकांबरोबर तीन-साडेतीन वर्षं काम केलं, त्यांचं लिहिलेलं मी तपासायची.

त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. माझ्याकडे निरखून बघत त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या, हे दिसत होतं.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "कारखान्यातल्या सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. दुकानातलंही रोज सांगायचे. पण त्या मधल्या ऑफिसचं ते घरी कधी काही बोलले नाहीत. तुम्हाला माहीत आहे का, तिथं काय झालं होतं?"

मी हो म्हटलं. पाण्याचा पेला खाली ठेवला आणि या वेळी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.